राख, तंबाखू आणि फवारा : कोथिंबिरीवरच्या माव्याची गोष्ट

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या. आज आपण इतिहास बोलणार आहोत, पण राजांचा नाही. कोथिंबिरीवर पडणाऱ्या माव्याचा, आणि त्याला मारायला माणसाने काय काय केलं त्याचा.

सुरुवात आमच्याच रानापासून करतो. आमच्या बचत गटाने पौषात वीस गुंठे जमीन खंडाने घेऊन कोथिंबीर केली होती. धणे रगडले, भिजवले, पेरले. उगवण छान झाली. पंचविसाव्या दिवशी खुरपायला बसलो तेव्हा थोरल्या काकू म्हणाल्या, "हाताला चिकट लागतंय गं." चार दिवस आभाळ आलं होतं. पान उलटून बघितलं तर खाली हिरवट-पिवळट दाणे चिकटलेले. दाणे कसले, मावा! शेंडे आकसलेले, पानं वळलेली, आणि काडीवरून मुंग्यांची रांग वर चाललेली.

दोघीजणी तालुक्याला दुकानात गेल्या. दुकानदाराने एक बाटली काढून दिली. म्हणाला, "हे मारा, दोन दिवसांत मावा साफ. हे औषध झाडाच्या रसात उतरतं. जो रस पिईल तो मरेल."

बाटली घेऊन दोघी परत आल्या. संध्याकाळी बैठकीत काकूंनी एवढंच विचारलं, "रस पिणारा मरतो म्हणता. मग पाला खाणाऱ्याचं काय? आपण कोथिंबिरीचं दुसरं काय खातो? पालाच ना?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. वांग्याचं, कपाशीचं वेगळं. तिथे पान एक आणि खायची-विकायची वस्तू दुसरी. कोथिंबिरीत मावा ज्या पानावर बसतो तेच पान परवा आपण चटणीत वाटतो, तेही बहुतेक वेळा कच्चं. आणि पीकसुद्धा चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं. पंचविसाव्या दिवशी विष मारलं तर उतरायला वेळ किती? बाटली त्या रात्री उघडली नाही. ती उघडायची की नाही यावर आमची जी भांडणं झाली, त्यातूनच हे सगळं शोधायला लागलो. आमच्यात जी बी.ए.पर्यंत शिकली आहे तिनेसुद्धा इतिहासात लढायाच वाचल्या होत्या. फवाऱ्याला इतिहास असतो हे तिला आमच्याइतकंच नवीन.

आधी शत्रू ओळखू. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, खवले कीड ही सगळी रस पिणारी मंडळी. अळी पान कुरतडते, तसं यांचं नाही. यांना दात नाहीत, सुईसारखी सोंड आहे. सोंड पानात खुपसायची आणि रस ओढायचा. रसात साखर फार, सत्त्व कमी. म्हणून मावा भरपूर पितो आणि जास्तीची साखर मागून सोडून देतो. काकूंच्या हाताला लागला तो चिकटा हाच. त्यावर काळी बुरशी धरते आणि पानं काजळी फासल्यासारखी होतात. मुंग्या येतात त्या ह्या गोड चिकट्यासाठी. मुंग्या मावा खात नाहीत, उलट राखतात. मावा खायला कुणी किडा आला तर त्याला हाकलतात. आपण गाय राखतो तशातलाच प्रकार.

आता नवलाची गोष्ट ऐका. १७४० साली स्वित्झर्लंडमध्ये शार्ल बॉने नावाचा वीस वर्षांचा पोरगा होता. माव्याला पिल्लं होतात कशी, हा प्रश्न त्याला पडला. नर कुणाला दिसतच नव्हता. मे महिन्यात त्याने नुकतंच जन्मलेलं माव्याचं एक पिल्लू घेतलं, एका डहाळीवर ठेवलं आणि वर काचेचं भांडं पालथं घातलं. मग पहाटेपासून रात्रीपर्यंत भिंग घेऊन तो त्याच्याकडे बघत बसला. नराचा स्पर्शही नाही, आणि तरी ती मादी व्याली. महिना-सव्वा महिन्यात तिला ९५ पिल्लं झाली. अंडी नव्हेत, चालती-फिरती पिल्लं. पुढे बॉनेची नजर फार अधू झाली.

हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या गटात जो हशा झाला तो रेडिओवर सांगण्यासारखा नाही. एक वहिनी म्हणाली, "ना नवरा, ना सासू, वाढणारच की!" पण ह्या हसण्यात एक कामाची गोष्ट आहे. अनुकूल हवेत माव्यात सगळ्या माद्याच असतात, आणि आठ-दहा दिवसांत पोर आई होते. शंभरातल्या नव्वद मारल्या तरी उरलेल्या दहाजणी पंधरवड्यात रान पुन्हा भरतात. "एकदाच मारा, साफ" हे माव्याच्या बाबतीत कधी खरं ठरत नाही, ते यामुळे.

आपल्या आज्या-पणज्या काय करायच्या? राख टाकायच्या. पहाटे दव असताना चुलीतली राख चाळून पाल्यावर उधळायची. दवाने ती चिकटते. बारीक कोरडी राख माव्याच्या मऊ अंगाला सोसत नाही. मावा थोडा असेल तर अजूनही हा उपाय चालतो. अडचण एवढीच की गॅस आल्यापासून घरात राख उरली नाही. काकूंना राखेसाठी तीन घरं फिरावं लागलं.

आपल्याकडचा लेखी पुरावाही जुना आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडांच्या आजारांवर एक वेगळा अध्याय आहे, तो सहाव्या शतकातला. त्यानंतर सुमारे हजार वर्षांपूर्वी सुरपाल नावाच्या पंडिताने 'वृक्षायुर्वेद' हा ग्रंथ लिहिला. त्यात झाडांना वात, पित्त, कफ कसे होतात ते सांगितलंय आणि किडीसाठी धुरी सांगितली आहे. मोहरी, वावडिंग, वेखंड, हिंग असली द्रव्यं. बाळंतिणीच्या खोलीत आपण धुरी देतो, त्याच नात्यातलं हे. या ग्रंथाची पोथी विलायतेत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होती. तिचं इंग्रजी भाषांतर नलिनी साधले यांनी केलं आणि ते १९९६ मध्ये छापून आलं. मात्र एक सांगायला हवं. पोथीत आहे म्हणून ते सगळं आज रानात चालेल असं नाही. वीस गुंठ्यांना धुरी कशी देणार? राजाच्या बागेतल्या आंब्याला ते ठीक.

मग तंबाखू आली. ती आपली नाही, अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर समुद्रमार्गे इकडे पोचली. अकबराच्या दरबारात ती पहिल्यांदा नेली ती असद बेग नावाच्या सरदाराने, आणि नेली विजापुरातून, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे दख्खनला ती दिल्ली-आग्र्याच्या आधी माहीत होती. इकडे लोक ओढू-चघळू लागले. तिकडे युरोपातल्या माळ्यांना अठराव्या शतकात कळलं की तंबाखू उकळलेलं पाणी शिंपडलं की मावा मरतो. १८२८ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या दोघांनी तंबाखूतलं ते विष वेगळं काढलं. त्याचं नाव निकोटिन. मग त्याच्या बाटल्या निघाल्या आणि बराच काळ माव्यावरचं नामांकित औषध म्हणजे निकोटिन सल्फेट.

आम्हालाही वाटलं, हे बरं. घरचं, स्वस्त, देशी. गटातल्या निम्म्याजणी मिश्री लावतात, तंबाखूला तोटा नाही! अर्धा किलो तंबाखू रात्रभर भिजवली, उकळली, आणि सकाळी दोघींनी हातांनी पिळून गाळली. हातात मोजे नव्हते, कुणाला सुचलंच नाही. तासाभरात एकीला गरगरायला लागलं, घाम फुटला, ओकारी झाली. ती मिश्री लावणारी नव्हती. तिला सावलीत घेतलं, साबणाने हात धुतले, लुगडं बदललं आणि दवाखान्यात नेलं. संध्याकाळी बरी झाली. डॉक्टर म्हणाले, निकोटिन कातडीतून आत जातं, ओल्या हाताने तर लवकर. तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्या मजुरांनाही असंच होतं.

नंतर समजलं की निकोटिन सल्फेट आपल्या देशात वापरायला १९९२ पासूनच बंदी आहे. परदेशी पाठवायला तेवढं बनवता येतं. म्हणजे सरकारने जे विष बाटलीतून बंद केलं, तेच आम्ही पातेल्यात शिजवत होतो आणि त्याला देशी उपाय म्हणत होतो. ते पातेलं आम्ही फोडून टाकलं. त्यात पुन्हा कुणी आमटी करायला नको.

पुढचा टप्पा साबणाचा. साधा उपाय आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात साबणाच्या पाण्यात रॉकेल घुसळून फवारायची पद्धत अमेरिकेत रुळली. आपल्याकडे इंग्रज सरकारने बिहारमध्ये पुसा इथे शेतीची मोठी संस्था काढली. तिथले कीटकतज्ज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०६ मध्ये हिंदुस्थानातल्या पिकांच्या किडींवर पुस्तक लिहिलं. त्या काळच्या उपायांत राख, साबण, रॉकेल, तंबाखू हेच पुन्हा पुन्हा भेटतात. साबणाने माव्याच्या अंगावरचं मेण निघतं आणि तो वाळतो. पण ज्याच्या अंगाला पाणी लागेल तोच मरतो. पानाखाली लपलेला वाचतो. मॅक्सवेल-लेफ्रॉय स्वतः १९२५ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत किडे मारायच्या वायूचा प्रयोग करताना त्याच वायूने गेले.

त्याच सुमाराची एक वेगळी वाट आहे, आणि ती आम्हाला सगळ्यांत आवडली. कॅलिफोर्नियात संत्र्याच्या बागांवर कापसासारखी पांढरी खवले कीड पडली होती. ती ऑस्ट्रेलियातून आलेली. बागा उपटायची वेळ आली. तेव्हा १८८८ मध्ये आल्बर्ट कोबेले नावाच्या माणसाला ऑस्ट्रेलियात पाठवलं. सांगितलं, तिथे ह्या किडीला कोण खातं ते शोध. त्याला एक लाल-काळा लेडीबर्ड भुंगेरा सापडला. पहिल्या खेपांत १२९ भुंगेरे बोटीने जिवंत पोचले. ते झाडांवर सोडले, आणि दोन वर्षांच्या आत बागा वाचल्या. लेडीबर्ड तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, लाल-केशरी पाठ, वर काळे ठिपके. त्याची अळी मात्र कुणी ओळखत नाही. काळसर, अंगावर पिवळे-केशरी डाग, चिमुकल्या मगरीसारखी. आम्ही खुरपताना तिला कीड समजून चिरडत होतो, आणि तीच दिवसभर मावा खात होती!

मग दुसरं महायुद्ध आलं आणि डीडीटी आली. तिचा गुण १९३९ मध्ये पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने शोधला. १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मलेरिया, टायफस यांत लाखो जीव वाचले हे खरंच आहे. ते नाकारून चालणार नाही. पण रानात तिने काय केलं ऐका. कॅलिफोर्नियाच्या त्याच बागांत डीडीटी मारली. लेडीबर्ड मेले, आणि साठ वर्षांपूर्वी आटोक्यात आलेली खवले कीड पुन्हा उसळली. फवारा थांबवून पुन्हा भुंगेरे सोडावे लागले. आपल्याकडे त्याच पिढीतली बीएचसी पावडर कणग्यांना, पिकाला सगळीकडे धुरळली गेली. काकू सांगतात, त्यांच्या लहानपणी तीच पावडर पोरींच्या केसांत उवांसाठी चोळायचे. शेतीत डीडीटीला १९८९ मध्ये बंदी आली, बीएचसी १९९७ मध्ये बंद झाली.

आता दुकानदाराच्या त्या वाक्याकडे येतो. रसात उतरणारं विष. त्याचा उगम आम्ही जेव्हा वाचला तेव्हा बैठकीत कुणी काही बोललं नाही.

जर्मनीत गेरहार्ट श्राडर नावाचे रसायनतज्ज्ञ एका कंपनीत किडे मारायची नवी औषधं शोधत होते. १९३६ च्या डिसेंबरात त्यांनी एक नवं रसायन केलं आणि माव्यावर मारून बघितलं. हो, माव्यावरच. दहा लाख भाग पाण्यात पाच भाग एवढं पातळ करूनही सगळा मावा मेला. पुढच्याच महिन्यात प्रयोगशाळेत त्याचा थेंब सांडला. श्राडर आणि त्यांच्या मदतनीसाच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, दिसेना, श्वास लागला. दोघांनाही काही आठवडे काम सोडावं लागलं. ही बातमी जर्मन लष्कराने उचलली. माव्यासाठी केलेलं ते रसायन पुढे युद्धातला विषारी वायू ठरलं. त्याचं नाव टॅबून. लष्कराने त्याचा कारखानाच काढला. मावा ज्याने मरतो त्याने माणूसही मरतो, कारण दोघांच्या नसांची घडण त्या जागी सारखीच आहे.

त्याच घराण्यातलं जरा सौम्य विष म्हणजे पॅराथिऑन, १९४४ चं. श्राडर यांच्याच कामातून असंही दिसलं की यातली काही रसायनं झाड पिऊन घेतं आणि ती रसात फिरतात. म्हणजे मावा पानाखाली लपला तरी वाचत नाही. फवारा त्याच्यापर्यंत पोचायची गरज नाही, तोच विषापर्यंत येतो. याला पाकिटावर 'आंतरप्रवाही' असं लिहितात. मावा, तुडतुडे यांच्यासाठी गावोगाव वापरलेलं डायमिथोएट ह्याच जातीचं.

कपाशीला ही युक्ती म्हणजे मोठा शोध होता. कोथिंबिरीला तीच युक्ती म्हणजे घरच्या हंड्यात विष. फरक रसायनात नाही, आपण झाडाचं काय खातो त्यात आहे.

हा फरक सांगणारा कायदा आपल्याकडे मेलेल्या माणसांनंतर आला. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन आणि धान्य एकाच बोटीतून आलं, डबे गळले, आणि तो आटा-साखर खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. त्यावर चौकशी बसली, आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला. आज डब्यावर जो रंगीत त्रिकोण दिसतो तो ह्या कायद्याच्या नियमांतून आलेला. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाचता येत नसेल तरी रंग कळतो. हे आपल्यातल्या प्रत्येकीने सुनेला, मुलीला दाखवून ठेवा. आणि हिरवा म्हणजे पाणी नव्हे, तेही विषच, कमी जहाल एवढंच.

त्याच कायद्याने असंही ठरतं की कुठलं औषध कुठल्या पिकावर. याला लेबल क्लेम म्हणतात. पाकिटातल्या घडीच्या कागदावर पिकांची नावं, मात्रा, आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबून काढायचं ते छापलेलं असतं. आमच्या बाटलीतला कागद आम्ही दिव्याखाली धरून, एकीच्या चष्म्याने वाचला. अक्षरं मुंगीएवढी. त्यात कापूस होता, भात होता, मिरची होती. कोथिंबीर नव्हती.

मोनोक्रोटोफॉसचंही असंच. भाजीपाल्यावर ते मारायला २००५ पासून बंदी. तरी २०१३ मध्ये बिहारच्या एका शाळेत जेवणाच्या तेलात ते आलं आणि २३ मुलं गेली. रिकामा डबा धुऊन घरात वापरायची सवय आपल्याकडेही आहे, म्हणून हे सांगितलं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. फवारणारे बहुतेक पुरुष. पण टाकीत पाणी कोण ओततं, औषध कोण कालवतं, आणि ते कपडे कुणाच्या हाताने धुतले जातात? आपण त्याला 'औषध' म्हणतो. आपल्याच गावांत 'त्याने औषध घेतलं' असं कुजबुजत म्हणतात तेव्हा अर्थ काय असतो तेही आपल्याला माहीत आहे. निदान आमच्या गटाच्या वहीत तरी आम्ही आता 'विष' असंच लिहितो.

१९९१ मध्ये आणखी एक नवं घराणं बाजारात आलं. इमिडाक्लोप्रिड हे त्यातलं पहिलं. निकोटिन किड्याच्या नसेवर जिथे घाव घालतं, तिथेच घाव घालणारं, म्हणून त्याला नव-निकोटिन म्हणतात. माणसाला जुन्यापेक्षा कमी घातक, म्हणून भराभर पसरलं. हेही आंतरप्रवाही, आणि फुलातल्या मधातही उतरतं. कोथिंबीर फुलावर आली की रान मधमाश्यांनी कसं गुणगुणतं ते धण्यासाठी पीक ठेवणाऱ्यांना ठाऊक आहे. मधमाश्यांवरूनच युरोपने २०१८ मध्ये यातल्या तीन रसायनांना उघड्या शेतात बंदी घातली. थोडक्यात, पातेल्यातून हाकललेली तंबाखू नवं नाव घेऊन बाटलीतून परत आली.

आता कडुनिंब. तो आपल्याला इतका जवळचा की त्याला इतिहास असेल असं वाटत नाही. धान्यात पाला घालणं, पाडव्याला चावणं, गोवर-कांजिण्यांत अंथरणं, हे सगळं होतंच. पण पिकावर निंबोळी फवारण्याचं शास्त्र उभं राहिलं १९६२ मध्ये. त्या वर्षी दिल्लीवर टोळधाड आली. पुसाची संस्था भूकंपानंतर बिहारमधून दिल्लीला हलली होती. तिथल्या प्रधान, जोतवाणी आणि राय या शास्त्रज्ञांनी निंबोळीच्या गराचं अगदी पातळ पाणी पिकांवर मारून ठेवलं होतं. टोळ उतरले, पानांवर बसले, पण त्यांनी पानं खाल्ली नाहीत. १९६८ मध्ये निंबोळीतलं ते द्रव्य इंग्लंडात वेगळं काढलं गेलं. त्याचं नाव अझाडिरॅक्टिन. पुण्यात सी. एम. केतकर यांनी निंबोळीचं तेल आणि पेंड कशी उपयोगात आणता येईल याचा अभ्यास केला. खादी आणि ग्रामोद्योगाच्या कामातला त्यांचा अहवाल १९७६ मध्ये निघाला.

आणि मग चोरी. १९९४ मध्ये युरोपात अमेरिकेच्या शेती खात्याला आणि एका अमेरिकन कंपनीला पेटंट मिळालं. निंबोळीच्या तेलाने झाडांवरची बुरशी रोखायची पद्धत म्हणे त्यांनी शोधली. त्याविरुद्ध तिघीजणी उभ्या राहिल्या. आपल्या वंदना शिवा, बेल्जियमच्या माग्दा एलवूट आणि सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेच्या लिंडा बुलार्ड. साक्षीला अभय फडके या आपल्या उद्योजकांना नेलं. त्यांनी सांगितलं की आम्ही हे असं पूर्वीपासून करतो आहोत. मे २००० मध्ये पेटंट रद्द झालं. कंपनीने अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. तारीख होती ८ मार्च २००५. महिला दिनाला आपल्याकडे नुसती साडी-चोळी आणि हळदीकुंकू होतं. पुढच्या वेळी ही गोष्टही सांगा.

पण कडुनिंबाचा फार गवगवाही नको. निंबोळी अर्काने मावा त्याच दिवशी पटापट पडत नाही. त्याचं पिणं कमी होतं, पिल्लांची वाढ थांबते. फरक दिसायला चार-पाच दिवस लागतात. उन्हात त्याचा जोर जातो, म्हणून संध्याकाळी मारायचा आणि आठवड्याने पुन्हा. माप असं : पाच किलो वाळलेली निंबोळी भरड कुटायची, दहा लिटर पाण्यात रात्रभर ठेवायची, सकाळी फडक्याने गाळायची. दोनशे ग्रॅम साबण विरघळवून घालायचा आणि एकूण शंभर लिटर करायचं. आमच्या वीस गुंठ्यांना तेवढं पुरलं. पानांच्या खालून फवारलं पाहिजे, वरून नाही. निंबोळी त्याच वर्षीची हवी. काळी पडलेली, बुरशी आलेली चालत नाही.

आम्हाला निंबोळी मिळाली ती एका वहिनीच्या माळ्यावर, गाईसाठी ठेवलेली. ती पाच किलो भरली आणि संपली. दुसऱ्या फवारणीला निंबोळीच नव्हती, तेव्हा नुसतं साबणपाणी मारलं. ज्या वाफ्यांत मावा दाट होता ते वाफे उपटून बाहेर खड्ड्यात पुरले. ते साधारण चार गुंठे गेले. त्या रात्री दोघीजणी म्हणाल्या की बाटली मारली असती तर हे चार गुंठे वाचले असते. खोटं नव्हतं ते. उरलेली कोथिंबीर जरा आखूड राहिली. व्यापाऱ्याने जुडीला भाव कमी लावला. खंड निघाला, बियाणं निघालं, आमची मजुरी निघाली नाही. गटातून एकजण त्यानंतर बाहेर पडली. तिचं म्हणणं असं की दुसऱ्याच्या ताटाची काळजी करायला आपलं पोट आधी भरलेलं लागतं. आम्ही तिला चूक म्हणू शकलो नाही. बाजारात जुडी विकत घेणाऱ्या बाईला कुठे कळणार होतं की ह्या जुडीवर काय मारलं आणि काय नाही? तिने आखूड जुडी मागे सारली आणि लांब उचलली.

कडेचा एक वाफा मात्र आम्ही फुलायला सोडला होता. माघाच्या शेवटी त्यावर लेडीबर्ड आले, मधमाश्या आल्या. आमच्यातल्या शाळकरी पोरी त्या मगरीसारख्या अळ्या मोजत बसायच्या. त्या वाफ्याचे धणे घरात वापरले आणि यंदाच्या बियाण्यालाही ठेवलेत.

बाटली अजून तशीच बंद आहे. दुकानदाराने परत घेतली नाही. गटाच्या पेटीत, कुलपात आहे. वहीत आता दोन गोष्टी वाढल्या आहेत. एक म्हणजे रबरी मोज्यांचे चार जोड. दुसरी, आषाढात कोणी कुठल्या कडुनिंबाखाली निंबोळी वेचायची याची यादी. मारुतीच्या पारावरचा काकूंकडे, ओढ्याकाठचे तीन वहिनींकडे. शाळेमागचे दोन अजून कुणी घेतलेले नाहीत.